ओवलेल्या सुया

"मॅडम, तुम्हाला सुईची भीती वाटते का?"

विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंना मी हे विचारलं ते निव्वळ मैत्रिणींच्या पैजेपायी. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे. वर्गात माझं नावच 'मुकी' पडलं होतं. मग वक्तृत्वाची ढाल मिळाली आणि तोंडाला लगाम म्हणून राहिला नाही. आत्या हातातल्या बॅगेतून सुया नेणार हे ऐकल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, हिंमत असेल तर विचारून दाखव.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सामानाचा पट्टा थांबवला.

"कुणाकडे आहेत सुया?"

झालं. आई-बाबा केव्हाच पलीकडे पोचले होते. इकडे मी, आत्या आणि मागे खोळंबलेली रांग.

आत्या रफू करते. लॉन्ड्रीच्या जिन्याखाली तिचं दुकान, म्हणजे एक खुर्ची, एक दिवा आणि गुडघे जेमतेम मावतील एवढं टेबल. कसरीने खाल्लेली शाल असो की ठिणगीने जळलेली पँट, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढते आणि भोक असं बुजवते की गिऱ्हाईक स्वतःच ते शोधत बसतं. बाबांचं सगळं शिक्षण तिने त्या खुर्चीवर बसून केलं. या खेपेला काम घरचंच होतं. आम्ही जिच्याकडे निघालो होतो ती माझी ताई नोकरीच्या गावी थंडीने कुडकुडत होती आणि तिचा करडा कोट महिनाभर आत्याकडे पडून होता. भोक शर्टाच्या बटणाएवढं. बाबा चिडवायचे, आक्का, कोट रफू करतेयस की नवा विणतेयस? थोडं राहिलंय, विमानात करीन, एवढंच ती म्हणायची.

बाईंनी आधी कात्री काढली. बोटाएवढीच होती, पट्टीने मोजून, चालेल म्हणाल्या. मग पत्र्याची डबी उघडली. आत फ्लॅनेलच्या तुकड्यावर सुयाच सुया टोचलेल्या, आणि प्रत्येकीला हातभर करडा दोरा, नीट गुंडाळून.

"इतक्या? आणि सगळ्या ओवून?"

सवय आहे, आत्या म्हणाली.

मी चकित होऊन तिच्याकडे बघत राहिले. आत्याला एकच सुई लागते. दोरा संपला की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघता ओवते. लहानपणापासून मी तेच पाहिलंय.

बाईंनी एक सुई उपसली, दोरा ओढून काढला, उलटसुलट पाहिला आणि दोन्ही आत्याच्या हातात दिलं. घ्या, ओवून ठेवा.

आत्याने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. सुई उजेडाकडे धरली. दोरा सुईच्या शेजारून गेला. तिने मान तिरकी केली, पुन्हा नेम धरला. पुन्हा शेजारून, चांगलं बोटभर अंतर ठेवून. मला वाटलं, मस्करी करतेय. मी हसलेसुद्धा. मग ती सुईचं नेढं बोटाने चाचपून शोधायला लागली आणि माझं हसू विरलं.

"राहू द्या, मावशी," बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या आणि डबी मिटून तिच्याकडे दिली.

पलीकडच्या बाकावर बसून आत्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. दीड वर्ष झालं. नजरेच्या मधोमध डाग आलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. हे ऑपरेशनने सुधारणारं नाही, असं डॉक्टर म्हणाले. लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली रोज सकाळी तिला सुया ओवून देते. जाडं कापड ती बोटांनी चाचपून करते. तलम आलं की, वेळ नाही म्हणून परत पाठवते.

दीड वर्ष. त्यातले कितीतरी महिने मी त्या दुकानात बसून, तिच्या हातांकडे न बघता, माझ्याच फुशारक्या मारत होते. बोलताना ती माझ्या कानाच्या बाजूला बघायची. मला वाटायचं, रस्त्यावरून कोण जातंय ते बघतेय.

"तुझ्या बाबाला बोलू नकोस. घाबरून दुकान बंद करायला लावेल. मग मी काय, तुमच्या घरी दाराकडे बघत बसू?" ती जराशी हसली. "आणि दारही धड दिसायचं नाही."

सगळ्या शाळेपुढे बोललेली मी. तिथे नुसती डबीचं झाकण उघडत-मिटत बसले.

तेवढ्यात आई-बाबा चहाचे कप सांभाळत आले. बाबांनी आत्याच्या मांडीवरचा कोट पाहिला. झाला नाही अजून? पुरे आता आक्का, ते म्हणाले, किती वर्षं राबणार? परत गेलो की जागामालकाला किल्ली देऊन टाकू.

कोटाच्या भोकावरून आत्याचं बोट फिरत राहिलं.

"किल्ली द्यायची नाही," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"परत गेलो की शाळा सुटल्यावर मी थेट दुकानात जाणार. रोज. मला रफू शिकायचंय."

"आणि अभ्यास?" आईने विचारलं.

"तोही तिथेच करीन. आणि आई, विमानात तू बाबांजवळ बस. आत्याशेजारी मी बसणार. कोट आम्ही दोघी मिळून पुरा करणार आहोत."