अरुंद नाकाची विक्रमी गाडी

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. मित्रांनो, जुनी म्हटले म्हणून लगेच भंगारवाला आठवू नका. विजेवर धावणाऱ्या छोट्या गाड्यांमधला वेगाचा विक्रम अजून माझ्या नावावर आहे, आणि हे सांगताना मी मुळीच लाजणार नाही.

माझा जन्म डोंबिवलीच्या मानपाड्यातल्या एका शेडमध्ये झाला. शेड महेंद्रकाकांची. सगळी हयात त्यांनी ट्रकच्या बॉड्या बांधण्यात घालवलेली. माझा आराखडा मात्र त्यांच्या पुतणीचा, ठाकुर्लीच्या शिवानीचा. ही मुलगी इंजिनिअर झाली तीच डोक्यात मला घेऊन. तिने बॅटऱ्या माझ्या पोटाशी सपाट रचल्या, त्यामुळे मी जमिनीला धरून राहते. कारखान्यांना सुट्टी असली की ती माझ्या अंगभर लोकरीचे धागे चिकटवून मला मोकळ्या रस्त्यावर पळवायची. जिथला धागा फडफडेल तिथे वारा अडतो, असे समजून तेवढा भाग घासून काढायची. घासून घासून मी देखणी झाले.

आणि माझे नाक! अरुंद, खाली झुकलेले, हवा आत घ्यायला एकच छोटे तोंड असलेले. त्या हवेने माझी मोटर आणि बॅटऱ्या थंड राहतात. नाक अरुंद असल्यामुळे वारा मला फारसा अडवत नाही. महेंद्रकाकांनी मात्र ते पाहताच कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढ्याशा भोकातून काय हवा जाणार गं? ट्रकची जाळी बघ, कशी दणदणीत असते!"

"काका, हा ट्रक नाहीये."

रोज दोघांचे वाजायचे. शेवटी ठरले, पहिल्या धावेत मी तापले तर काका नाक कापून मोठी जाळी बसवणार. जाळी बसली की वेग गेला, आणि वेग गेला की विक्रमही गेला. शिवानीला हे माहीत होते, तरी तिने मान डोलावली. मला कोणी विचारलेच नाही!

विक्रमाचा दिवस नेमका दसऱ्याचा निघाला. घाटावरची लांबलचक धावपट्टी आम्हाला दुपारपर्यंतच मिळाली होती. मला चालवणार होती ठाण्याची हेझल, शर्यतींत मुरलेली. काकांनी यथासांग पूजा केली. कुंकू लावले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि नाकावर झेंडूचा भलामोठा हार चढवला. तेव्हा माझे चार्जिंग चालू होते आणि आतला पंखा गरागरा फिरत होता. थोड्या वेळाने हार उतरवला आणि आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेतच माझे अंग भाजू लागले. लाल दिवा पेटला. हेझलने वेग सोडला आणि मला हळूहळू परत आणले.

"फुल हीट झालीय यार," ती हेल्मेट काढत म्हणाली.

काकांनी टेम्पोतून कटर काढलाच. "मी बोललेलो ना! आता माझं ऐकायचं."

शिवानीचे डोळे भरले होते.

"काका, ठरलं ते ठरलं. पण कापायच्या आधी एकदा आत बघू दे."

ती तापलेल्या डांबरावर आडवी झाली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मूठ बाहेर आली ती झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेली! पंख्याने हारातून पाकळ्या ओढून घेतल्या होत्या आणि हवेच्या वाटेतली आतली बारीक जाळी त्यांनी गच्च भरली होती.

हेझल खो-खो हसत सुटली. "अंकल, ही तर तुमचीच फुलं!"

काकांनी कटर खाली ठेवला. "अरे देवा! मीच हिचा श्वास कोंडला की." मग त्यांनी स्वतः चिमट्याने पाकळी न् पाकळी वेचून काढली.

पुन्हा धावले तेव्हा हवा माझ्या नाकातून सळसळत आत शिरली. विक्रमासाठी दोन्ही दिशांनी धावावे लागते, म्हणजे वाऱ्याचा फुकटचा हातभार चालत नाही. मी गेले आणि तशीच परत आले. जुना विक्रम होता ताशी अडीचशे किलोमीटरचा. माझा वेग भरला दोनशे एकाहत्तर! लाल दिवा लुकलुकलासुद्धा नाही. हेझल टपावर चढून नाचली, आणि मी तिला नाचू दिले.

दसऱ्याला लहानांनी मोठ्यांना सोने द्यायचे असते. त्या दिवशी काकांनीच आधी आपट्याचे पान शिवानीच्या हातावर ठेवले.

आता मी शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली असते. कोणी माझ्यावर जेवणाचा डबा ठेवतो, तेव्हा राग येतो. पण शेजारी शिवानीची नवी गाडी तयार होते आहे, आणि तिचे नाक काका स्वतः घडवत आहेत, माझ्यापेक्षाही अरुंद! माझा विक्रम ती मोडणार, आणि मोडलाच पाहिजे.

म्हणून सांगते मित्रांनो, एखादे यंत्र अडले तर त्याच्यावर हत्यार उचलण्याआधी गुडघे टेकून आत बघा. माझ्यासाठी कोणीतरी तापल्या डांबरावर आडवे झाले, म्हणून मी जिंकले.