क्लेमेंट मास्तर माझ्यापाशी जेवले तो रविवार

मी एक जुने फणसाच्या लाकडाचे टेबल आहे. राजोडीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लेस्टरचे छोटेसे हॉटेल आहे. तिथे खिडकीला लागून माझी जागा आहे. मित्रांनो, बाकीची चार टेबले माझ्यापेक्षा नवी आणि गुळगुळीत आहेत. माझी पाठ खडबडीत आहे, एक कोपरा झिजला आहे, आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली आहे. तरीही माझ्या वाट्याला जे आले ते त्यांच्या वाट्याला आले नाही, म्हणून आज बोलायला बसले आहे.

मी मुळात जेवणासाठी बनलेच नव्हते. ॲन्सेल्म नावाच्या बेकरीवाल्याच्या वाडीत एक फणस होता. तो एका वादळात आडवा झाला. ॲन्सेल्मने आत्माराम सुताराला बोलावले आणि सांगितले, "मला पीठ मळायला टेबल पाहिजे. माझ्या हातात जोर आहे, डुगडुगणारं चालणार नाही." आत्मारामने मला घडवायला आठ दिवस घेतले. काम संपल्यावर तो स्वतः माझ्यावर उभा राहिला आणि त्याने दोन उड्या मारल्या. मी हलले नाही. तेव्हा माझा रंग हळदीसारखा पिवळा होता. तो पुढे हळूहळू काळपट तांबूस होत गेला.

बेकरीत मी सव्वीस वर्षे काढली. रोज सकाळी पिठाचे गोळे माझ्यावर आपटले जायचे, त्यांचे पाव व्हायचे आणि सायकलवरून गावभर जायचे. नाताळच्या आठवड्यात शेजारच्या बायका घरचे केकचे मिश्रण डब्यांतून घेऊन यायच्या. कुणाचा डबा कुठला हे विसरू नये म्हणून ॲन्सेल्म माझ्यावर खडूने नावे लिहायचा. "भट्टी बदलेन, पण हे टेबल नाही," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ते ऐकून मला फार बरे वाटायचे.

पण ॲन्सेल्म थकला. मुले नोकरीला लागली. गावात पिशवीतला कापलेला पाव मिळू लागला आणि भट्टी विझली. मला मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवले. माझ्यावर रंगाचे डबे आले, फाटका टायर आला. एका कोंबडीने तर माझ्या पाठीवर अंडी उबवली. वाळवीने एक पाय खाल्ला. सहा वर्षे मला कुणी पुसले नाही.

लेस्टर त्या शेडमध्ये आला होता पाव भाजायचे जुने पत्रे बघायला. चौदा वर्षे तो मोठ्या जहाजांच्या स्वयंपाकघरात होता. ग्रीस, इटली, तुर्कस्तान अशा बंदरांवर फिरून, तिथले रांधणे शिकून तो गावी परतला होता. त्याने रंगाचे डबे उतरवले, नखाने मला जरा खरवडले आणि पत्रे विसरून मलाच घेऊन गेला. दोन दिवस त्याने मला घासले, तेल पाजले आणि खिडकीशी ठेवले.

सुरुवातीला गावातले लोक दारातूनच डोकावायचे. काबुली चणे वाटून केलेला गोळा, भाजलेल्या वांग्याचा गर, दह्यातली काकडी, तव्यावर फुगलेली जाड भाकरीसारखी रोटी. "हे तर आपण आजारपणात खातो," असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मग शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येणारी माणसे थांबू लागली, आणि त्यांना बघून गावातली माणसेही आत आली.

आता मी ज्यासाठी बसले आहे ते सांगते.

गेल्या माघात एका गुरुवारी, दुपारची गर्दी ओसरल्यावर, जॉयस नावाची तरुणी एकटीच आली. ती वालीवच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. ती माझ्यापाशी बसली, पण तिने काही मागवले नाही.

"रविवारी आम्ही चौघं येऊ," ती लेस्टरला म्हणाली. "मम्मी-पप्पांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. पण आधी एक सांगायचंय. पप्पांच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय. कॅन्सर होता. आता बरे आहेत, पण तोंड दोन बोटंच उघडतं आणि जरा तिखट लागलं की आग आग होते. आमच्याकडे मसाल्याशिवाय काय शिजतं, तुला माहीतच आहे."

"क्लेमेंट मास्तर?" लेस्टरने खुर्ची ओढली. "माझ्या भावाच्या लग्नात माईक त्यांच्याच हातात होता. अख्खा मांडव हसवला होता त्यांनी."

"तेच. आता ते पेजेची वाटी घेतात, आतल्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. सांडतं ना, त्याची लाज वाटते. नऊ महिने झाले, आमच्यातल्या कुणी त्यांना जेवताना बघितलेलं नाही. वजन अठ्ठेचाळीस किलोवर आलंय. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर परत नाकातून नळी घालावी लागेल." तिने दोन्ही कोपर माझ्यावर टेकले. "त्यांच्यासाठी काही मऊ वेगळं करशील का?"

लेस्टर उठून खुर्ची जागेवर लावू लागला. मग म्हणाला, "वेगळं काही नाही करणार. चौघांना एकच वाढेन."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून चौघे आले. पुढे जॉयस होती. तिच्यामागे तिची आई कॅथरिन, फिकट निळ्या साडीत. मग मास्तरांची मोठी बहीण लूर्डस, सत्तरी उलटलेली. मास्तर शिकून शहरी बोलू लागले होते, पण लूर्डस गावात भातशेतीतच राहिली आणि तिची बोलीही गावचीच राहिली. सगळ्यांत शेवटी क्लेमेंट मास्तर आले. सदरा अंगावर लोंबत होता, तोंडाला मास्क होता. त्यांनी इतर टेबलांकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली.

"मी घरी पेज घेतलीय," ते बसता बसता म्हणाले. "तुम्ही जेवा."

त्यांचे शब्द जाड झाले होते, पण कळत होते. तरीही जॉयस घाईने लेस्टरला म्हणाली, "पप्पा म्हणतायत, त्यांनी घरी पेज घेतलीय." मांडीवरचा मास्तरांचा हात हळूच मिटला, ते मला खालून दिसले.

लेस्टरने काही ऐकलेच नाही असे दाखवले. त्याने मसुराचे दाट सूप आणले, वांगी आणली, चण्याचा गोळा आणला, वर ऑलिव्हचे तेल सोडले, मधे रोट्यांची टोपली ठेवली. लिंबू पिळून भाजलेला रावस आणला. चार ताटल्या मांडल्या, चौघांपुढे एकसारख्या.

लूर्डसने बोटाने चाखले. "अगो बाय, हे तं वांग्याचं भरीत! याला एवढं लांबडं नाव कशाला ठेवलंय?"

"मिरची नाही ना त्यात, मावशी, म्हणून नाव लांब ठेवलं," लेस्टर म्हणाला. सगळे हसले. मास्कवरचे मास्तरांचे डोळेही किंचित हसले असावेत. पण त्यांनी ताटलीला हात लावला नाही.

थोड्या वेळाने त्यांना तहान लागली. किरणांच्या उपचारानंतर त्यांचे तोंड सारखे कोरडे पडते. त्यांनी मास्क जरासा वर केला, पेला ओठांना लावला, आणि पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळले. जॉयस टिश्यू घेऊन उठलीच. लहान मुलाचे पुसावे तसे तिने सगळ्यांदेखत त्यांचे तोंड पुसले.

मास्तरांनी तिचा हात बाजूला सारला. खुर्ची फरशीवर किरकिरली. शेजारच्या दोन टेबलांवरची माणसे वळून पाहू लागली.

"घरी चला," ते म्हणाले.

जॉयसच्या हातात टिश्यू तसाच राहिला. "पप्पा, सॉरी. मी मुद्दाम नाही..."

"बस रे क्लेमेंट, पानीच तं सांडलं," लूर्डस म्हणाली. पण मास्तर दारापर्यंत पोहोचले होते.

कॅथरिन उठली नाही. आल्यापासून ती एक शब्दही बोलली नव्हती. तिचा तळहात माझ्यावर सपाट ठेवलेला होता.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी जेवणार आहे."

मास्तर थांबले. बहुधा चाळीस वर्षांत त्यांनी असे ऐकले नसावे.

"नऊ महिने तुम्ही दार लावून जेवता," कॅथरिन हळू आवाजात म्हणाली. "दाराच्या अलीकडे मी एकटी जेवते. रोज दोनदा. लग्न झाल्यापासून मी कधी एकटी जेवले नव्हते, तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला वाटतं, तुमचं सांडलेलं बघून मला त्रास होईल. मला ते बंद दार बघून त्रास होतो."

मास्तर परत आले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. ते म्हणाले, "मला माझीच किळस येते, कॅथरिन. तुला तरी कसं..."

"नळी होती तेव्हा ती रोज कोण साफ करत होतं?"

"तू."

"तेव्हा मला किळस आली?"

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. ते बसले. कानामागची दोरी काढायला त्यांना दोन्ही हात लागले. मास्क त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मित्रांनो, त्यांचा डावा गाल आत गेला होता आणि ओठ एका बाजूला ओढला गेला होता. त्या चेहऱ्याकडे टक लावून कुणी पाहिले नाही, आणि नजरही कुणी चोरली नाही. लूर्डसने फक्त वांग्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

पहिला घास चमच्याच्या टोकाएवढा होता. तो त्यांनी उजव्या गालात ठेवला आणि डोळे मिटले. तिखट लागले की काय होते, त्याची ते वाट बघत होते. काही झाले नाही.

"आग होत नाही," ते म्हणाले.

"मंग खा की! परीक्षा घेतोस का त्या वांग्याची?" लूर्डस म्हणाली.

दुसऱ्या घासाला तेलाचा ओघळ हनुवटीवर आला आणि तिथून थेंब माझ्यावर पडला. जॉयसचा हात उचलला गेला. कॅथरिनने खालून तिचे मनगट धरले आणि तो तिथेच दाबून ठेवला. थेंब तसाच राहिला. सावकाश, आपल्या वेळेने, मास्तरांनी स्वतः रुमाल काढून हनुवटी पुसली, आणि मग मलाही पुसले.

"माझे बघ, पुढचे दात गेले, माझं पन सांडतं," लूर्डस म्हणाली आणि सूप लागलेले आपले लुगडे तिने सगळ्यांना दाखवले. मास्तर हसले. हसल्यावर त्यांना ठसका लागला, सगळे घाबरले, मग ठसका थांबला आणि ते पुन्हा खाऊ लागले. रावसाचा मऊ भाग त्यांनी चमच्याने कुस्करला. वांगी संपली तेव्हा रिकाम्या वाटीवर बोट ठेवून त्यांनी लेस्टरकडे पाहिले. लेस्टर वाटी उचलून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. कांदा चिरत होतो, म्हणाला.

त्या जेवणाला पावणेदोन तास लागले. दाराशी माणसे टेबल रिकामे व्हायची वाट बघत उभी होती. लेस्टरने त्यांना हात जोडून सांगितले, "आज उशीर होईल."

दोन महिन्यांनी जॉयस पुन्हा आली, तेव्हा पुढचे कळले. आता घरी दार उघडे असते. काही दिवस मास्तर अजूनही वाटी घेऊन आत जातात. अशा दिवशी कॅथरिन आपले ताट घेऊन त्यांच्यामागून जाते आणि पलंगाच्या कडेवर बसते. वजन एक्कावन्न झाले आहे. नळीचे नाव डॉक्टर आता काढत नाहीत.

मित्रांनो, पाव मळायला बनलेले मी एक साधे लाकूड. मला तेल लावा, वाळवीपासून जपा, असे मी म्हणू शकले असते, आणि ते खरेही आहे. पण मला मागायचे ते वेगळेच आहे. त्या रविवारी लूर्डस आणि जॉयसचे जेवण कधीच आटोपले होते. कॅथरिनचेही पोट भरले होते. पण तिने ताटलीत रोटीचा एक छोटा तुकडा ठेवला होता. मास्तरांचा चमचा वर गेला की ती त्यातला कण मोडायची आणि तोंडात टाकायची. तासभर तिने तो तुकडा पुरवला. शेवटचा घास मास्तरांनी घेतला, तेव्हाच तिनेही आपला शेवटचा कण उचलला.

तुमच्या घरात कुणी हळू जेवत असेल, तर ताट उचलून उठू नका. एक तुकडा शिल्लक ठेवा.