रेषेच्या अलीकडची फुली

बावीस वर्षं मी बाळंतपणं करतेय. नव्या नर्सेसना एकच गोष्ट घसा फोडून सांगत आले: कळांच्या तक्त्यावर माया करायची नाही. गर्भपिशवीचं तोंड बोटांनी मोजायचं, जेवढं उघडलं असेल तेवढ्यावरच फुली मारायची. फुली तिरक्या रेषेच्या पलीकडे गेली, की बाळंतपण अडतंय असं समजायचं आणि बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. ऑपरेशनची सोय तिथे आहे, आमच्याकडे नाही. रस्ता पाऊण तासाचा.

लोका सांगे ब्रह्मज्ञान!

माझी भाची सकाळी आठला आली, तेव्हा चार सेंटीमीटर होतं. "मावशी, तू असताना मला कसली भीती?" म्हणाली आणि पुढच्याच कळेला माझा हात पिरगाळला.

"नवऱ्याचा पिरगाळ ना," मी म्हटलं. तशातही हसली.

बाराला पुन्हा तपासलं. रेषेच्या हिशेबाने आठ हवं होतं. बोटं सात सांगत होती, तेही ओढूनताणून. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "ऑपरेशन नको गं, मावशी."

पहिलटकरीण आहे, थोडा वेळ लागणारच, तासाभरात आठ होईल, असं मी मनाशी म्हटलं. शिवाय माझ्या हाताखाली माझीच पोर अडेल कशी, हा तोरा होताच. मी आठवर फुली मारली.

एकला डॉक्टर आले. तक्ता पाहून "छान चाललंय" म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत गेले. त्यांचा माझ्या कागदावर विश्वास होता.

अडीचला बाळाचे ठोके उतरायला लागले. मग गाडी, तो मेला संपता संपेना असा रस्ता, ऑपरेशन. मुलगी होती. डोकंभर जावळ. रडलीच नाही. गुंडाळून त्यांनी ती माझ्याच हातात दिली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तक्ता पुन्हा काढला. "सिस्टर, तुमचं काही चुकलेलं नाही. सगळ्या फुल्या रेषेच्या अलीकडेच आहेत."

मी तक्ता फायलीत परत लावून ठेवला.

संध्याकाळी भाचीकडे गेले, ते सगळं सांगायचंच ठरवून. ती सासूला सांगत होती, "मावशी होती म्हणून मी तरी वाचले." मग माझा हात धरून म्हणाली, "पुढच्या वेळीही तूच हवीस हं. येशील ना?"

मी हो म्हटलं.