दाताची साक्ष

यादोरावांनी लोंबीतला एक दाणा खुडला, अंगठ्याच्या नखाने त्याचे तूस सोलले आणि आतला तांदूळ दाढेखाली धरला. तांदूळ आधी किंचित दबला, मग तुटला. त्यांनी दुसरा दाणा सोलला. तोही आधी दबला, मग तुटला. समोर चिखलात रोवलेल्या बांबूच्या कामटीवर मात्र काळ्या रंगात, शाळामास्तरी वळणाच्या अक्षरांत स्पष्ट लिहिले होते: ‘अकरा. बगडी.’

बगडी दाढेखाली दबत नाही. ती कट्‌ करून तुटते.

बांधाच्या धुऱ्यावरून चार पावले सरकून ते शेजारच्या चौकोनापाशी गेले. तिथल्या कामटीवर ‘बारा. दूधमोगरी’ असे होते. तिथला दाणा दाढेखाली जाताच कट्‌ करून तुटला.

यादोरावांनी मागेपुढे पाहिले. कार्तिकातले दुपारचे ऊन कापणीला आलेल्या धानावर पसरले होते. एका बांधीचे, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याचे, दोरी लावून एकतीस चौकोन पाडलेले. प्रत्येकात जुन्या धानाचा वेगळा वाण, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक कामटी. पलीकडच्या बांधीत कापणाऱ्या बायका वाकलेल्या होत्या. कोणी पाहत नव्हते. यादोरावांनी तोंडातला भुगा थुंकला नाही, गिळला. आणि गेल्या दोन वर्षांत झाला नव्हता इतका निर्भेळ आनंद त्यांना झाला.

टेकचंद चुकला होता.

टेकचंद हा त्यांचा साडू. सासऱ्यांच्या थोरल्या मुलीचे, ललिताबाईंचे, लग्न यादोरावांशी झाले आणि धाकट्या वच्छलाचे टेकचंदशी. साडू हे नाते आपल्या समाजाने बहुधा तुलनेच्या सोयीसाठीच निर्माण केले असावे. त्याचा दुसरा काही उपयोग अद्याप कोणाच्या लक्षात आलेला नाही. बावीस वर्षे ही तुलना यादोरावांना सोयीची होती. ते पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. त्यांच्याकडे सरकारी मोटारसायकल होती आणि गावोगावी त्यांच्यासाठी खाट टाकली जाई. टेकचंद सानगडीच्या हायस्कुलात गणिताचा मास्तर. दरवर्षी तोच हौद, तेच दोन नळ, एक भरणारा आणि एक रिकामा करणारा. दोघेही आपापल्या कामाला सारखेच कंटाळले होते. या सामायिक कंटाळ्यावर त्यांचा स्नेह उभा होता, आणि तो पक्का होता.

मग सत्तेचाळिसाव्या वर्षी टेकचंदने विश्वासघात केला. तो कंटाळायचा थांबला.

कुठल्याशा रविवारी तो सायकलने अड्याळच्या बाजाराला गेला आणि एका म्हातारीकडून मूठभर जुने धान रुमालात बांधून घेऊन आला. पुढच्या रविवारी आणखी एक मूठ. वर्षभरात त्याने गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या पाटीत, मडक्यात, आढ्याला टांगलेल्या गाठोड्यांत उरलेसुरले एकतीस वाण गोळा केले आणि बापाच्या वाटणीतली एक बांधी त्यांना देऊन टाकली. ते काम त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याबद्दल त्याला बढती मिळणार नव्हती. यादोरावांना हे कळले तेव्हा ते हसले, कारण या प्रश्नाचा अभ्यास त्यांच्याइतका कोणाचाच नव्हता: हेच वाण जिल्ह्यातून हद्दपार करण्यासाठी सरकार त्यांना चोवीस वर्षे पगार देत होते. सुधारित बियाण्याच्या पिशव्या वाटाव्यात, गावठी बियाणे गिरणीत घालायला लावावे, आणि तक्त्यात ‘उद्दिष्ट साध्य’ असे लिहावे. उद्दिष्ट साध्य होत गेले. यादोराव मात्र कुठल्याच रकान्यात सापडेनासे झाले.

त्यांनी खिशातून पूर्वपाहणीचा छापील कागद काढला. उद्या बाहेरगावचे एक मोठे धानतज्ज्ञ ही बांधी पाहायला येणार होते. धानावरच डॉक्टरेट मिळवलेले. आदल्या दिवशी जागा पाहून अहवाल देण्याचे काम ऑफिसने यादोरावांवर टाकले होते. म्हणूनच ते इथे आले होते. एरवी दोन वर्षांत टेकचंदने सतरा वेळा बोलावूनही त्यांनी या धुऱ्यावर पाय ठेवला नव्हता.

कागदावर ‘त्रुटी’ असा एक रकाना होता. यादोरावांनी पेनाचे टोपण उघडले, क्षणभर विचार केला आणि लिहिले: ‘निरंक.’

चूक कागदावर लिहिली असती तर टेकचंदने संध्याकाळपर्यंत ती दुरुस्त केली असती. ती उद्या, तज्ज्ञांच्या तोंडून, चारचौघांत निघायला हवी होती.

*

“झालं का पाहून?” ललिताबाईंनी ताटात भाजी वाढता वाढता विचारले.

“झालं.”

“कसं हाय मंग?”

“धानासारखं धान हाय. काय राहते त्यात?”

ललिताबाई गालात हसल्या. “वच्छी सांगत होती, टेकचंदजी आता झोपेतबी शीळ वाजवतेत म्हने. मी म्हटलं, बाई, नशीब काढलं तू. आमच्या इथं तं जागेपनीबी कोनी वाजवत नाही.”

“मास्तरले सुट्ट्या किती राहतेत मालूम हाय का तुले? सुट्टी असली का वाजते शीळ.”

“तुमाले का रयवार नाही?”

यादोरावांनी भाताचा घास घेतला. भात सुधारित वाणाचा होता, त्यांनीच शिफारस केलेला. तो मऊ होता, पांढरा होता आणि त्याला कशाचीही चव नव्हती.

“त्यायच्या बांधीत म्हने आपल्या आत्याबाईचं धान हाय,” ललिताबाई म्हणाल्या. सासूला त्या आत्याबाई म्हणत. “पाह्यलं का?”

 यादोरावांनी पाणी मागितले.

त्यांची आई, गोदावरीबाई, दूधमोगरी लावत असे. तेवढा एकच वाण, घराच्या मागच्या बांधीत, घरच्यापुरता. यादोराव सात-आठ वर्षांचे असताना तिने गावातल्या बांध्यांतून फिरवून वाणावाणाचा दाणा त्यांच्या तोंडात घातला होता, आणि दूधमोगरीपाशी येऊन शिकवले होते: “डोया फसते, बापू. रंग सारखा, लोंब सारखी. दातले पूस. हे पह्यले वाकते, मंग तुटते. बाईमानसावानी.” एकोणीसशे एकोणसत्तर साली तालुक्यातले पहिले प्रात्यक्षिक कोणाच्या शेतात घ्यावे, असा प्रश्न आला, तेव्हा तरुण, उत्साही यादोरावांनी साहेबांपुढे आपल्याच घरचे नाव दिले. आईचे बियाणे त्यांनी स्वतःच्या हाताने बैलगाडीत टाकून तुमसरच्या गिरणीवर नेले. आई दारात उभी होती.  त्यानंतर जेवताना भाताविषयी ती कधीच काही बोलली नाही. पुढच्या वर्षी यादोरावांना प्रशस्तिपत्र मिळाले. ते अजून भिंतीवर होते.

त्या रात्री ते झोपले, पण टेकचंदच्या फजितीची त्यांनी मनात इतक्यांदा तालीम केली की सकाळी उठले तेव्हा दमलेले होते.

*

दहाच्या सुमारास जीप आली. डॉक्टर गोरेपान, मितभाषी गृहस्थ होते. खिशात भिंग आणि हातात तपकिरी पाकिटांचा गठ्ठा. टेकचंद धोतराचा काचा मारून अनवाणी चिखलात उभा होता. हायस्कुलातला मास्तर असा पाहुण्यांसमोर उभा राहतो, याची यादोरावांना लाज वाटली; आणि त्या लाजेखाली दुसरे काहीतरी होते, ज्याला त्यांनी नाव दिले नाही. धुऱ्यावर रुखमा बसली होती. सत्तरीची, दात बहुतेक शाबूत, गावातली सर्वांत जुनी रोवणारी बाई. टेकचंदच्या बांधीची रोवणी तिच्याच देखरेखीखाली झाली होती.

डॉक्टर एकेका चौकोनापाशी थांबत. टेकचंद वहीतून वाचे: वाण कोणता, कोणत्या गावाहून आला, कोणाच्या घरी टिकला. डॉक्टर लोंबी भिंगाखाली धरत, मान हलवत आणि पाकिटात टाकत. यादोराव दोन पावले मागे, स्वच्छ बुटांतून धुरा सांभाळत चालत होते. नऊ झाला. दहा झाला. 

“अकरा,” टेकचंद म्हणाला. “बगडी.”

डॉक्टरांनी लोंबी भिंगाखाली धरली. बराच वेळ पाहिली. 

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले आणि पाकिटावर लिहिले: बगडी.

यादोराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांना पहिल्यांदा वाटले, की हा सौजन्याचा भाग असावा. मग लक्षात आले, की नाही, माणसाला खरोखरच काही कळलेले नाही. ज्या सूडासाठी त्यांनी सरकारी कागदावर खोटे लिहिले होते, त्याला साक्षीदार म्हणून त्यांनी एका आंधळ्याला निवडले होते. धानावर डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला कळत नव्हते, टेकचंदला कळत नव्हते. ही चूक अख्ख्या पृथ्वीतलावर फक्त त्यांच्या दाढेला ठाऊक होती. आणि जी फजिती एकट्यालाच दिसते, तिला फजिती म्हणत नाहीत.

“हा बारा नंबर जरा खास आहे, सर,” टेकचंद म्हणत होता. त्याचा आवाज बदलला होता. “दूधमोगरी. हा वाण संपला असंच सगळे समजत होते. आमच्या या रुखमाबाईनं घरी मडक्यात जपला होता. तिला दिला होता गोदावरीबाईंनी. या आमच्या साडभाऊंच्या आई. मी वहीत त्यांचंच नाव घातलंय.” आणि त्याने खाली वाकून, दोन्ही हातांनी, देवाच्या प्रसादासारखी एक लोंबी खुडून डॉक्टरांपुढे धरली.

ती बगडी होती.

डॉक्टरांनी नवे पाकीट काढले. पेन त्यावर टेकले. ‘दूध’ एवढे लिहून झाले.

“थे दूधमोगरी नोहोय.”

यादोरावांना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. पाहुण्यांसमोर ते नेहमी पुस्तकी बोलत.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले. “म्हणजे?”

“अकरा आणि बारा यांची अदलाबदल झालेली आहे,” यादोराव सावरून म्हणाले. “तुम्ही मघाशी बगडी म्हणून पाकिटात टाकलीत, ती दूधमोगरी आहे. माझ्या आईची.”

“आपल्या कालच्या अहवालात तर त्रुटी निरंक आहे.” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “आता हे कशावरून म्हणता?”

“दातावरून.”

जीपचा ड्रायव्हर हसला. डॉक्टर हसले नाहीत. पण त्यांनी पेन ज्या पद्धतीने बंद केले, त्यात सगळे येत होते.

रुखमा गुडघ्यावर हात देऊन उठली. खाली उतरून तिने दोन्ही चौकोनांतला एकेक दाणा सोलला, चावला आणि बराच वेळ तोंड हलवत उभी राहिली.

“बरोबर बोलते गोदाचा पोरगा,” ती म्हणाली. “मास्तर, श्रावनात धुरा फुटून पानी आलं, तवा दोन कामट्या तरंगून गेल्या होत्या नाही का? तुमी ध्यानात धरून परत खोसल्या. उलट्या खोसल्या.”

आता. यादोरावांनी टेकचंदच्या चेहऱ्याकडे पाहिले. दोन वर्षांचे काम, पाहुण्यांदेखत, एका म्हातारीने आणि एका साडूने मातीत घातले होते. हा क्षण रात्रभर घोकलेल्या क्षणापेक्षा अधिक चांगला उतरला होता.

टेकचंदने दोन्ही हात डोक्याला लावले आणि तो हसत सुटला. खोटे नव्हे, पोट धरून.

“वारे मास्तर!” तो स्वतःलाच म्हणाला. “पोरायले शिकवते दोन अधिक दोन, आन्‌ सोताले दोन कामट्या खोसता येत नाही!” मग चिखलातूनच त्याने यादोरावांचा हात धरला. “साडभाऊ, हे तुले येते आन्‌ तू दोन वर्षं घरी बसून होता? काहून?”

 यादोरावांना माणसाचे यश सहन झाले असते, अपयशही सहन झाले असते. पण स्वतःची चूक सापडल्याचा आनंद होणारा माणूस त्यांनी आजवर एकाही कार्यालयात पाहिला नव्हता. त्याच्याजवळ जे होते ते हिसकावण्याजोगे नव्हतेच.

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटांवरची नावे खोडून दुरुस्त केली, उरलेल्या वाणांच्या लोंब्याही गोळा केल्या आणि घड्याळ पाहिले. पुढच्या गावी जेवण ठेवले होते. विस्तार अधिकाऱ्यांनी सोबत असणे क्रमप्राप्त होते. डॉक्टर जीपकडे निघाले.

टेकचंदने कामट्या उपटल्या, अदलाबदल करून रोवल्या आणि हात धोतराला पुसले. वही उघडून तो यादोरावांजवळ आला.

“दोन उलट्या निघाल्या,” तो हळूच म्हणाला. “बाकीच्या एकोनतीस?”

यादोरावांनी बांधीवर नजर फिरवली. एकोणतीस कामट्या. त्यातली एक तरी चुकलेली असणार. नक्की असणार. पाणी काही दोनच कामट्यांशी वैर धरून आले नसेल. लहानपणी आईने भरवलेले वाण किती होते, ते त्यांनी मोजले नव्हते. पण दाढेने मोजले असावेत. ते धुऱ्यावर खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

जीपचा हॉर्न वाजला.

“एक,” टेकचंदने वाचले. “लुचई.”

दाणा सोलला. चावला. “बरोबर.”

दोन बरोबर होता. तीनही. सातव्या चौकोनापाशी यादोरावांनी दोनदा चावून पाहिले. टेकचंद आशेने त्यांच्या जबड्याकडे पाहत राहिला. बरोबर. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो सानगडीच्या रस्त्याने दूर होत गेला. रुखमा धुऱ्यावर बसून आपल्याशीच काहीतरी चघळत होती.

नऊ बरोबर. दहा बरोबर. पोटऱ्यांपर्यंत चिखल आला होता. अकरा आणि बारा ओलांडताना यादोराव क्षणभर थांबले, दूधमोगरीची एक लोंबी त्यांनी खुडली, आणि ती तोंडात न घालता सदऱ्याच्या खिशात, पूर्वपाहणीच्या कागदाच्या प्रतीला लागून ठेवली. टेकचंदने ते पाहिले आणि वहीत मान घातली.

“बावीस,” ऊन उतरू लागले तेव्हा टेकचंद म्हणाला.

“बरोबर.” यादोराव कडवटपणे म्हणाले. एवढ्यांत एकही चूक सापडली नव्हती. त्यांनी पुढच्या चौकोनाकडे हात लांब केला. “वाच ना लवकर. पुढचा कोनता?”