खोट्या कॅमेऱ्याचे अकरा बिघाड

पितांबर महाले जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नऊ वर्षं तात्पुरता होता. दर अकरा महिन्यांनी त्याची नोकरी एक दिवसासाठी सुटायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागायची. त्या एका दिवशीही तो वेळेवर यायचा. बेकार असला तरी प्रयोगशाळेच्या चाव्या त्याच्याकडेच असत.

त्याआधी तो धुळ्याला रेडिओ आणि पुढे टीव्ही दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला एक खोड होती. बिघाड दिसला की हात आपोआप पुढे जायचा.

चौऱ्याण्णव साली विभागप्रमुख बन्सीलाल सरांनी खटपट करून बंगळूरच्या एका संस्थेचं काम मिळवलं. संस्था अवकाशात दुर्बीण पाठवणार होती. दुर्बिणीचा खरा कॅमेरा यायला दोन वर्षं होती, पण त्याची चित्रं उतरवून घेणारी यंत्रणा मात्र आधीच तयार होऊन बसली होती. मांडव पडला आणि नवरदेवाचा पत्ता नाही, म्हणून तालमीपुरता कोणीतरी घोड्यावर बसवायचा, तशातला प्रकार. हा तोतया म्हणजे एक पेटी. आत भिंग नाही, काच नाही, नुसते चिपांमध्ये भरलेले तारे. केबल जोडली की पलीकडच्या यंत्रणेला वाटलं पाहिजे, खरा कॅमेराच बोलतोय.

"पेटी पास झाली की तू कायम," सर म्हणाले. "प्राचार्यांनी शब्द दिलाय."

मे महिन्यात जोडणी पुरी झाली तेव्हा सर भाचीच्या लग्नाला धुळ्याला गेले होते. संस्थेचं मागणीपत्र त्यांच्याच बॅगेत होतं आणि ते लग्नात मिरवत होतं. पितांबरपाशी फक्त जोडणीचा आराखडा आणि सरांनी भरून दिलेल्या चिपा होत्या. पेटीवर शून्य ते अकरा आकड्यांचं एक गोल बटण होतं. पितांबरने ते शून्यावर ठेवलं. पडद्यावर तारे स्वच्छ दिसले. एकवर नेलं तर मधली ओळच गायब. दोनवर एक ठिपका मेलेला. तीनवर उभी पांढरी रेघ. अकरापर्यंत जाताजाता चित्राची पार रया गेली.

एवढ्या चुका पाहून त्याला सरांची दया आली. मोठा माणूस, त्यात लग्नघर. कळवणंही बरं दिसेना. तो रोज एक बिघाड शोधायचा, चिप किंवा सुटा भाग काढून चांगला बसवायचा. अकरा दिवसांत पेटी ठणठणीत झाली. सर परतले, त्यांनी बटण शून्यावर ठेवून तारे बघितले आणि पितांबरला लग्नातले लाडू दिले.

जूनमध्ये बंगळूरहून करंदीकर बाई आल्या. दुर्बिणीची चित्रं उतरवून घेणारी यंत्रणा त्यांच्याकडे होती. त्यांनी बटण फिरवलं. शून्य, स्वच्छ. एक, स्वच्छ. अकरापर्यंत सगळे तारे जागच्या जागी.

"सर, हे बटण चालत नाही का?"

सरांनी स्वतः एकदा बटण फिरवून पाहिलं. "पितांबर!"

पितांबर याच क्षणाची वाट बघत होता. काढलेला खराब माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे काम केल्याची खात्री पटते, ही धंद्याची रीत. त्याने एक पिशवी बाईंपुढे ठेवली. आत वर्तमानपत्राच्या अकरा पुड्या होत्या, प्रत्येकीवर नंबर.

"बाई, हा सगळा खराब माल. सरांची काही चूक नाही, चिपाच तसल्या निघाल्या."

बाईंनी तिसरी पुडी वाचली: 'उभी रेघ. काढली.'

"अहो, ही रेघ ठरवायला मला आठ महिने लागलेत!"

"एका रेघेला?" पितांबरने आदराने विचारलं.

"कॅमेरा वर गेला की बिघडतोच. ठिपके मरतात, ओळी गळतात. ते आमच्या यंत्रणेला ओळखता येतं का, हेच तर तपासायचंय. तुमचा खोटा कॅमेरा खऱ्याहून चांगला झालाय. मी त्याचं काय करू?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "साडेसहाला माझी गाडी आहे. तोवर अकराही बिघाड परत आले, तर पेटी नेते. नाहीतर अशी पेटी करून द्यायला पुण्याला एकजण तयारच आहेत."

सरांनी पितांबरकडे पाहिलं. त्या नजरेत लाडू परत मागितल्यासारखं काहीतरी होतं.

पितांबर पुड्या सोडत बसला. बाई का चिडल्या हे न कळून शिपाई अभिमन दारातून डोकावला आणि अहिराणीत विचारू लागला.

"पितांबरभाऊ, पेटी ते चांगली शे, मंग बाई काबर चिडनी?"

"बिघाड सापडना नही म्हनीसन."

अभिमनने विचार केला. "मना घरना टीव्ही दी देऊ का बाईले? बठ्ठा बिघाड तयार शेतस."

काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते चांगली चिप उपटून तिथे खराब बसवणं. दर वेळी हात थबकायचा, आणि पितांबर त्याला आतल्या आत शिवी घालायचा. दुपारी बाराला ओळ गळाली, साडेबाराला ठिपका मेला. एक वाजता रेघ उभी राहिली आणि बाई पहिल्यांदा हसल्या. सहाला दहा कमी असताना त्यांनी अकरावा बिघाड पाहून "सुंदर" म्हटलं. नऊ वर्षांत प्रयोगशाळेत हा शब्द कोणी वापरला नव्हता.

मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. इंग्रजी होता. सरांनी मराठीत सांगितलं, "मी तयार केलेल्या या यंत्रात खालील अकरा दोष आहेत, असं मी प्रमाणित करतो. खाली सही कर."

पितांबरने पेन खाली ठेवलं. "सर, माझ्या सहीने आजवर खराब वस्तू बाहेर गेली नाही."

"अरे, कायम व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय."

"मग?"

बाहेर रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. पितांबरने कागदावरचे दोष एक ते अकरा बोटाने मोजले. मग त्याने पेन उचललं, सही केली, आणि सहीखाली ठसठशीत मराठीत एक ओळ लिहिली. बाईंनी ती वाचली, खोडली नाही, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. सरांनी विचारायचं धाडस केलं नाही. जुलैत पितांबरला कायमपणाचं पत्र मिळालं.

ओळ अशी होती: 'वरील दोष गिऱ्हाइकाच्या मागणीवरून घातले आहेत. पेटी केव्हाही आणावी, काढून मिळतील.'