झाडाचं लोणी आणि उशीचा अभ्रा

मी एक जुना अभ्रा आहे, उशीचा. मित्रांनो, ज्याच्यावर तुम्ही रोज गाल टेकता, लाळ गाळता आणि सकाळी ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तोच मी. माझा जन्म गंगापूरजवळच्या एका खेड्यात झाला. मनकर्णाबाई तेव्हा सतरा वर्षांच्या नव्या नवरी होत्या. बाजारातून आणलेल्या मांजरपाटातून त्यांनी मला शिवले आणि माझ्यावर हिरव्या दोऱ्याने पोपट काढला. पोपटाची चोच जरा कावळ्याच्या वळणावर गेली आहे, पण त्याखालचे ‘सुस्वागतम’ अगदी सुबक आहे. मी फक्त पाहुण्यांसाठी होतो. पाहुणा गेला की मला सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, निळीतून काढायचे आणि कडक उन्हात टाकायचे. विहिणी माझ्या पांढरेपणाचे कौतुक करत, तेव्हा मी फुगून जाई. स्वच्छतेच्या बाबतीत मी पहिल्यापासून नाकाने कांदे सोलणारा आहे, हे मी लपवत नाही.

पुढे बरीच वर्षे मी पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत काढली. मनकर्णाबाईंचा मुलगा बद्रीनाथ कारखान्यात लागला, शहरातल्या मुकुंदवाडीत दोन खोल्यांचे घर झाले, आणि त्या शेत भावकीकडे सोपवून त्याच्याकडे आल्या. पेटीबरोबर मीही आलो. सून कालिंदी हिला माझा पोपट आवडला आणि तिने मला रोजच्या उशीला चढवले. दोन वर्षे सुखात गेली. मग ती डबी आली.

कालिंदी लग्नाआधीपासून शाळेत शिकवत असे. मुलगी झाली आणि हातातला खडू सुटला, त्याला सहा वर्षे झाली होती. आता एका खासगी शाळेने तिला शुक्रवारी मुलाखतीला बोलावले होते. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. पण थंडीने तिच्या गालांची सालपटे निघत होती, आणि असे तोंड घेऊन चार लोकांसमोर बसायची तिला लाज वाटत होती. त्यातच, बोलावणे आले त्या दिवशी मनकर्णाबाई पटकन बोलून गेल्या होत्या, “अन् पोरीला शाळंतून कोण आणंल? घर कोण बघंल?” ते बोलणे कालिंदीच्या मनात रुतून बसले होते.

“हे काय मागिवलंस?” डबी बघून मनकर्णाबाईंनी विचारले.

“शिया बटर, आई. लोणीच असतंय, झाडाच्या बियांचं. रात्री लावायचं, सकाळी धुवायचं.”

“झाडाचं लोणी?” त्यांनी डबीला नाक लावले आणि झटकन मागे घेतले. “शी गं! हे तोंडाला लावायलीस व्हय?”

त्यांचे नाक खोटे बोलत नव्हते. बद्रीनाथला पहाटेची पाळी असे, म्हणून दिवा लवकर मालवला जाई. कालिंदीने अंधारातच बोटभर लोणी तोंडाला थापले आणि तो चिकट, कोमट गाल माझ्यावर टेकवला. शी! अजूनही आठवले की माझे धागे आखडतात. चेहऱ्यात मुरायचे तेवढे मुरले असेल, उरलेले सगळे माझ्यात मुरले. खवट खोबऱ्याचा वास, आणि त्याच्यावर कसल्याशा फुलांचे अत्तर. सकाळी मी भजी बांधून आणलेल्या कागदासारखा तेलकट झालो होतो. गळलेले केस मला चिकटले, गोधडीतला कापूस चिकटला, कोपऱ्यात एक डास मरून चिकटला. मुंग्या तर ‘सुस्वागतम’ वाचून आल्यासारख्या रांगेने आल्या. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. मुलाखतीच्या तयारीत मला धुवायचे कालिंदीच्या ध्यानातही आले नाही. पण खोटे कशाला बोलू, तिच्या गालांची सालपटे मात्र कमी झाली होती.

गुरुवारी दुपारी कालिंदी मुलीला आणायला गेली, तेव्हा मनकर्णाबाईंनी ती डबी उघडली. “नुसतं लोणी लावून कुठं उजाळा येत असतो का?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. नवरीला हळद, बाळंतिणीला हळद, जखमेला हळद. हळदीवाचून तोंडाला काही लावणे त्यांना पटतच नव्हते. सुनेला नोकरी लागावी, हीच त्यांची इच्छा होती. त्या दिवशीचे बोलणे त्यांच्या मनातून केव्हाच उतरले होते. नातीला आता आपणच आणायचे, हेही त्यांनी ठरवून टाकले होते. फक्त ते सुनेला सांगायचे राहून गेले होते.

अंगाला लावायची आंबेहळद घरात नव्हती. त्यांनी आमटीतली हळद चमचाभर घेऊन लोण्यात कालवली. पण सुनेचे तोंड म्हणजे खेळ नव्हे, म्हणून आधी स्वतःच्या तोंडाला फासली आणि माझ्यावर आडव्या झाल्या. खवटपणात आता कच्च्या हळदीचा उग्र दर्प! मला स्वतःचीच किळस आली. तासाभराने त्यांनी तोंड पुसून आरशात पाहिले. चाळीस वर्षे कापसाच्या शेतात रापलेल्या त्या चेहऱ्यावर पिवळे काय दिसणार? “लई झाक,” असे म्हणून त्यांनी मला उशीसकट पालथे घातले आणि डबी जागेवर ठेवली.

रात्री कालिंदीने नेहमीसारखे अंधारातच लोणी थापले, आणि शुक्रवारी सकाळी आरशासमोर ती किंचाळली. तोंड पिवळेजर्द! तिने खसाखसा साबण लावला, तर हळद लालसर झाली आणि गालांवर चट्टे उठले.

“आई, हे तुम्ही मुद्दाम केलंत! मी घराबाहेर पडू नये म्हणून!”

“पोरी, म्या…” मनकर्णाबाई पदर सावरत पुढे आल्या.

“हे घाण फडकं आधी कचऱ्यात टाकते!” असे म्हणत कालिंदीने मला उशीवरून ओरबाडले, आणि माझी खालची बाजू वर आली. तिथेही गालाएवढा पिवळा डाग होता आणि त्यात एक लांब पांढरा केस चिकटला होता. कालिंदीचे केस काळेभोर आहेत. ती थबकली.

“आई, तुम्ही आधी स्वतःला लावलंत?”

“मंग? तुला आग बीग व्हईल का काय, बगाय नको? मला काय बी झालं नाय. म्हणून ठिवलं.” त्या पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

कालिंदीचा राग तिथेच गळाला. तिने त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवले. मनकर्णाबाईंनी दूध आणि बेसन कालवून तिचे तोंड चोळून दिले. तरी कानांपाशी पिवळे राहिलेच. ती तशीच मुलाखतीला गेली.

ती नोकरी तिला मिळाली नाही. चेहऱ्यामुळे की सहा वर्षांच्या खंडामुळे, ते मला ठाऊक नाही. मनकर्णाबाईंनी त्या संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मला तीनदा घासून उन्हात टाकताना त्या म्हणाल्या, “कालिंदे, दुसरी शाळा बग. पोरीला म्या आणीन. हे त्याच दिवशी बोलाय पायजे होतं.”

उन्हाने माझी हळद उडाली, पण त्या लोण्याचा वास अजून गेला नाही. मित्रांनो, तोंडाला काय लावायचे ते लावा, पण आठ दिवसांतून एकदा तरी आम्हाला धुवा. आणि घरातल्या माणसाबद्दल मनात काही चांगले असेल, तर ते डबीत कालवू नका, तोंडाने सांगा.