बाहेरची कडी

खोलीच्या दाराला कडी बाहेरून होती, आणि ती नवी होती. कार्यकर्तीने एवढंच पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. खरं म्हणजे तिच्या मनातल्या पालीला दुसरा उद्योगच नव्हता. ऑफिसात मागून तिला ‘हवालदारबाई’ म्हणत, ते तिला ठाऊक होतं आणि थोडंसं आवडतही होतं. ज्यांना स्वतःचं गाऱ्हाणं नीट सांगता येत नाही, अशा मतिमंद म्हणून बाजूला सारलेल्या मोठ्या माणसांच्या घरी जायचं, ती सुखाने राहतात का ते बघायचं, हे तिचं काम. या कामात भोळा माणूस काय कामाचा?

या घरात दोघंच राहत. म्हातारी आई आणि तिचा चाळिशी ओलांडलेला मुलगा. त्याला सगळे भाऊ म्हणत. दिवसा तो कार्यशाळेत खोकी जुळवायला जाई आणि संध्याकाळी घरी येई. कधी कुणाची तक्रार नव्हती. मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने फोन केला, की रात्री वर कुणीतरी दार बडवतं आणि ‘उघड, उघड’ म्हणून रडतं. आवाज कुणाचा ते त्याने सांगितलं नाही आणि कार्यकर्तीने विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

शहराबाहेरच्या निवासी संस्थेत एक जागा रिकामी झाली होती. आज कार्यकर्तीने ‘हलवा’ म्हटलं, की उद्या भाऊ तिथे जाणार होता. आईच्या कानावर हे आधीच गेलेलं असावं, कारण ती दारातच नको तितकं गोड हसली.

“या ना ताई, बसा. चहा टाकते.”

आईचे केस चापूनचोपून विंचरलेले, पण स्वेटरची बटणं एका घराने चुकलेली. घाईघाईने आवराआवर केलेली दिसतेय, कार्यकर्तीच्या मनात आलं.

“या दाराला कडी बाहेरून कशी काय?” तिने विचारलं.

“जुनं दार आहे हो ते.”

“दार जुनं आहे. कडी नवी आहे.”

“हो का?” आई कडीकडे बघत राहिली. “या सुतारांचं काही खरं नसतं बाई. बसा, चहा टाकते.”

म्हातारी ताकास तूर लागू द्यायची नाही, हे कार्यकर्तीने ओळखलं.

घरभर चित्रं चिकटवलेली होती. कपाच्या फडताळावर कप, संडासाच्या दारावर संडास, गॅसच्या शेगडीवर मोठी लाल फुली. वाचता न येणाऱ्यासाठी अशी चित्रं लावावीत, हे कार्यकर्ती स्वतःच प्रशिक्षणात शिकवत असे, त्यामुळे तिला जरा बरं वाटलं. आईने मुलासाठी एवढं तरी केलंय. पण कौतुकाने चित्रं लावणारे हात रात्री कडीही लावतात. असली माणसं तिने पाहिली होती.

आई स्वयंपाकघरात गेली तशी ती भाऊसमोर येऊन बसली. तो खुर्चीत ताठ बसला होता. मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

“भाऊ, हे आईने केलं?”

“हो,” भाऊ म्हणाला.

“रात्री आई तुम्हाला कोंडून ठेवते?”

“हो.”

झालं. तिने ऑफिसला लावायला फोन बाहेर काढलासुद्धा. आणि तिथेच तिला स्वतःचा संशय आला. हवालदारबाईला एवढी सोपी कबुली कधीपासून चालायला लागली?

“भाऊ, हे वळ मी केले?”

“हो.”

“खालच्या शेजाऱ्याला तुम्ही खोक्यात भरलंत?”

“हो,” भाऊ म्हणाला आणि तिला बरं वाटावं म्हणून हसला.

कार्यकर्तीला स्वतःचीच चीड आली. नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी बजावत असे, की यांना हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. समोरच्याला खूश ठेवायला ही माणसं जन्मभर ‘हो’ म्हणत आलेली असतात. विचारू नका, करून दाखवायला सांगा. आणि आज तीच उत्तर घरून घेऊन आली होती.

तिने फोन ठेवला. “भाऊ, समजा रात्र झाली. जेवणं झाली. आता काय करता ते मला दाखवा.”

भाऊच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, कामाला लागलेल्या माणसाचं जातं तसं. त्याने तिचा हात धरून तिला खोलीत नेलं, पलंगावर बसवलं, तिच्या चपला पलंगाखाली सरकवल्या. पायांवर शाल टाकली. मग तो बाहेर गेला, दार लोटलं, आणि कडी सरकली.

गोंधळ झाला बिचाऱ्याचा, कार्यकर्तीला वाटलं. आत तो हवा होता.

“भाऊ, तुम्ही बाहेर राहिलात. उघडा.”

“सकाळी.”

“दाखवून झालं की. उघडा आता.”

“सकाळी,” भाऊ म्हणाला. “झोप. मी इथंच आहे.” आणि तो दाराला पाठ टेकून खाली बसल्याचा आवाज आला.

तिने दार बडवलं. “भाऊ, उघड!” एरवी सगळ्याला हो म्हणणारा माणूस जागचा हलला नाही. तिने पुन्हा दार बडवलं आणि तिचा हात हवेतच थांबला. शेजाऱ्याने ऐकलं ते हेच होतं. आवाज कुणाचा, एवढंच तिचं विचारायचं राहून गेलं होतं.

मग तिने खोलीकडे धडपणे पाहिलं. खुंटीवर आईचे कपडे. उशाशी कवळीची वाटी आणि जाड काचांचा चष्मा. खिडकी तारेने पक्की बांधलेली. भाऊची इथे एकही वस्तू नव्हती.

बाहेर कपबशा किणकिणल्या. आई चहा घेऊन आली होती.

“दारात काय बसलास रे? आत कोण आहे?”

“आई,” भाऊ म्हणाला.



“हो का?” आई हलक्या आवाजात म्हणाली. “मग झोपू दे तिला.”

स्वतः बाहेर उभी असूनही म्हातारीला ते पटलं होतं. कार्यकर्ती बराच वेळ पलंगावर बसून राहिली. मग दाराजवळ जाऊन म्हणाली, “भाऊ, सकाळ झाली. आता काय करता?”

कडी निघाली. भाऊ कंगवा घेऊन आत आला, आणि तिचे केस पाणी लावून चापूनचोपून विंचरू लागला. विंचरून झाल्यावर त्याने तिच्या कुडत्याच्या बटणांकडे बोट दाखवलं.

“तुझी तू लाव. ज्याची बटणं त्यानेच लावायची. कार्यशाळेत सांगितलंय.”

“आणि रात्री कडी लावली नाही तर?”

भाऊने उजव्या हाताने आपलं वळ उठलेलं डावं मनगट गच्च धरलं आणि स्वतःलाच दाराकडे ओढलं. “आई जाते. रस्त्यावर. गाड्या.”

दारात आई उभी होती. काय झालं ते तिला त्या घटकेला सगळं उमगलं असावं, कारण तिने ट्रे खाली ठेवला आणि हात जोडले.

“मीच त्याला म्हटलं होतं, कुणाला सांगू नकोस,” ती म्हणाली. “माझं डोकं चालत नाही हे कळलं, की आधी त्यालाच नेतील. नेऊ नका हो ताई.”

“ही चित्रं कुणी लावली?”

“त्यानेच. मला कप सापडत नाहीत ना.”

कार्यकर्तीने ऑफिसला फोन लावला. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाली. आईला डॉक्टरांकडे न्यायचंय आणि या घरात रात्री राहायला बाई पाहिजे, तीही आजपासून. साहेब कुरकुरले, पण हवालदारबाईपुढे त्यांचं कधी चाललं नव्हतं. कडीची मात्र तिला भीती वाटत होती. घरात आग लागली, तरी हा माणूस ‘सकाळी’ म्हणून दाराला पाठ लावून बसला असता.

“भाऊ, आजपासून रात्री एक बाई येईल. ती आईजवळ झोपेल. मग कडी लावायची नाही. चालेल?”

“हो,” भाऊ म्हणाला, आणि जाऊन कडीवर हात ठेवून उभा राहिला.

तो ‘हो’ तिने जमेस धरला नाही. त्याच्या शेजारी जाऊन ती म्हणाली, “त्या बाईला काहीच येत नाही हो. तुम्हीच शिकवायला पाहिजे तिला.”

भाऊने बराच विचार केला. कडीवरचा हात हळूहळू खाली आला.

“केस विंचरायचे,” तो म्हणाला. “बटणं नाही.”

एवढ्या वेळात त्याने स्वतःहून म्हटलेलं ते पहिलं ‘नाही’ होतं, आणि त्यावर कार्यकर्तीचा लगेच विश्वास बसला.